मान, माथा आणि मानेचा दम

भिवंडीच्या कामतघरात कुणाचं डोकं वरचेवर दुखू लागलं की निदान शेजारीच होतं. उन्हातून आलेल्याचं ते पित्त असतं, शिलाई मशिनीवर बसणाऱ्या बाईचा तो चष्म्याचा नंबर असतो आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा तो मानेचा मणका असतो. एकाला कोकमाचं सरबत मिळतं, दुसरीला चष्मा, तिसऱ्याला एक्स-रे आणि गळ्यात पट्टा. तिघांचंही दुखणं खरं असतं. पण या तिघांनाही अर्धशिशी असू शकते, तिघांचीही मान दुखत असू शकते, आणि हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला एकाच वेळी सहसा कुणी विचारत नाही. ही पुस्तिका त्या दोन दुखण्यांच्या नात्याविषयी आहे. त्यातही तिचा भर एका दुर्लक्षित गोष्टीवर आहे: आपल्या मानेचे स्नायू न थकता किती वेळ तग धरू शकतात, म्हणजेच मानेचा दम.

हा विषय कामतघरात बसून लिहायला कारण आहे. एका बाजूला वऱ्हाळा तलाव, दुसरीकडे अंजूरफाट्याचा रस्ता, पलीकडे ताडाळी, पद्मानगर, नारपोली. मधल्या गल्ल्यांतून दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट चालू. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग रुजवले, विसाव्या शतकात त्यांच्या जागी यंत्रमाग आले, आणि १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर इथला धंदा आणखी फुगला. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं आली, उत्तर प्रदेश-बिहारमधून कारागीर आले. अलीकडच्या काळात राहनाळ, पूर्णा, काल्हेर, मानकोली या पट्ट्यात गोदामं उभी राहिली आणि कामतघरातली तरुण मुलं तिथं माल लावायला, उचलायला, स्कॅन करायला जाऊ लागली. कामं वेगवेगळी, पण मान प्रत्येक कामात एकाच जागी अडकलेली. कारागीर कापडावर वाकून तुटलेला धागा शोधतो. शिलाईवाली सुईखालच्या टाक्याकडे पाहते. हमाल डोक्यावर गठ्ठर घेतो. गोदामातला पोरगा हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे पाहतो, घरी आल्यावर मोबाइलच्या. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. ते खांद्यांवर नीट तोललेलं असेल तर मानेला त्याचं ओझं फारसं जाणवत नाही. ते पुढं झुकलं की मागचे स्नायू ते ओढून धरतात, आणि पाळी बारा तासांची असेल तर ते बारा तास ओढून धरतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी माणसं डोक्यासाठी येत नाहीत, मानेसाठी येतात. डोक्याची गोष्ट नंतर निघते, तीही विचारली तर.

“मावशी, डोकं दुखायच्या आधी मान कशी असते?”

“आदल्या दिवशीच धरते. मान धरली की मी समजते, उद्या डोकं उठणार. उजेड नको, टीव्ही नको, पोरांचा आवाज नको. उलटी झाली की जरा बरं वाटतं.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“त्यात काय सांगायचं? पित्ताचंच आहे ना ते.”

असं बोलणं इथं इतक्यांदा होतं की ते कुणा एकीचं राहत नाही. त्यात अर्धशिशीची बरीच लक्षणं आली आहेत. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणानुसार उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकणारी डोकेदुखी, आणि असे निदान पाच झटके येऊन गेलेले असावे लागतात. एका बाजूला दुखणं, ठणकणं, दुखण्याची मध्यम ते तीव्र मात्रा, आणि चालण्या-जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनं ते वाढणं, या चारांतल्या किमान दोन गोष्टी हव्यात. शिवाय मळमळ किंवा उलटी तरी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणं हवं. हे निदान प्रश्न विचारूनच होतं. एक्स-रेत ते दिसत नाही, रक्तात सापडत नाही. उलटी होते म्हणून ते पित्त ठरतं आणि माणूस वर्षानुवर्षं खाण्यापिण्यात दोष शोधत राहतो. उपाशी राहिल्यानं झटका येऊ शकतो हे खरं आहे, पण त्याचा उगम पोटात नसून मेंदूत असतो.

अर्धशिशी किती जणांना असते? बंगळुरू आणि आसपासच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केलेल्या एका मोठ्या पाहणीत १८ ते ६५ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के लोकांना वर्षभरात अर्धशिशी झालेली आढळली. जगाच्या सरासरीपेक्षा हा आकडा बराच मोठा आहे, आणि बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. मागाच्या कारखान्यात झटक्याला निमित्त ठरणाऱ्या गोष्टींची कमतरता नाही. आठवड्याला दिवसपाळी-रात्रपाळीचा फेर, मोडलेली झोप, पुढं ढकललेलं जेवण, पत्र्याखालचा उकाडा, कमी पाणी, लुकलुकणारी ट्यूबलाइट, आणि ९० डेसिबलच्याही वर जाणारा आवाज. ज्याचा मेंदू मुळातच संवेदनशील आहे त्याला यातली एखादी गोष्टही पुरते.

आता मान. वर्गीकरणाच्या यादीत मानदुखी नाही, मळमळ आहे. पण २०१० मध्ये अमेरिकेत अर्धशिशीच्या रुग्णांकडून प्रत्येक झटक्याची नोंद ठेवून घेतली गेली, तेव्हा झटक्यासोबत मळमळीपेक्षा मानदुखीच जास्त वेळा आढळली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या लोकसंख्येच्या पाहणीत डोकेदुखी नसलेल्या लोकांपैकी सुमारे ५७ टक्के जणांनी वर्षभरात मान दुखल्याचं सांगितलं, नुसती अर्धशिशी असलेल्यांत हे प्रमाण ७६ टक्के निघालं, आणि अर्धशिशीबरोबर ताणाची डोकेदुखीही असलेल्यांत ८९ टक्के. म्हणजे मानदुखी सगळीकडेच आहे, पण अर्धशिशीवाल्यांच्या वाट्याला ती अधिक येते.

इथं वाचकाच्या मनात जो निष्कर्ष येतो तोच मावशींच्याही मनात असतो: मान आधी धरते, मग डोकं उठतं, म्हणजे मानच डोक्याला पेटवते. हा निष्कर्ष नैसर्गिक आहे, आणि बऱ्याचदा उलटा आहे. अर्धशिशीचा झटका डोकं ठणकू लागण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. कुणाला काही तास आधी, कुणाला एक-दोन दिवस आधी जांभया येऊ लागतात, थकवा वाटतो, गोड खावंसं वाटतं, चिडचिड होते, मान आखडते. धरलेली मान ही अशा वेळी झटक्याची पहिली खूण असते. तिला शेक दिला, बाम चोळला, तरी पुढचं टळत नाही, कारण तिथं दिसणाऱ्या गोष्टीचा उगम वर आहे.

मग मानेला अर्धशिशीच्या दोषातून मोकळंच करायचं का? तसंही नाही, आणि इथं थोडं शरीरात शिरावं लागेल. चेहरा, कपाळ, डोळ्यांमागचा भाग आणि मेंदूवरचं आवरण यांच्या वेदना ट्रायजेमिनल नावाचा मज्जातंतू आत नेतो. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणारे मज्जातंतू मानेच्या आणि डोक्याच्या मागच्या भागाच्या वेदना आत नेतात. मेंदूच्या देठापासून मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकापर्यंत पसरलेल्या एका पट्ट्यात हे दोन्ही प्रवाह त्याच पेशींवर येऊन मिळतात. मागाच्या वेगवेगळ्या बीमवरचे दोन धागे फणीच्या एकाच घरातून निघावेत आणि पुढं पाहणाऱ्याला कोणता कुठून आला ते कळू नये, असं तिथं होतं. म्हणून मानेतला त्रास डोळ्यामागं जाणवू शकतो आणि मेंदूच्या आवरणातला त्रास मानेत. लंडनमध्ये थॉर्स्टन बार्श आणि पीटर गोड्सबी यांनी २००२ च्या सुमारास उंदरांवर केलेल्या प्रयोगांत डोक्याच्या मागच्या बाजूचा मज्जातंतू उत्तेजित केला, तेव्हा आवरणाकडून येणाऱ्या संवेदनांना त्या पेशी जास्त जोरानं प्रतिसाद देऊ लागल्या. आवरण उत्तेजित केलं तेव्हा मानेकडच्या संवेदनांना मिळणारा प्रतिसादही तसाच वाढला. रस्ता दुतर्फा आहे. याच गोड्सबींना अर्धशिशीवरच्या कामासाठी इतर तिघांसोबत २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. डोक्याच्या मागच्या त्याच मज्जातंतूजवळ भूल देणारं इंजेक्शन दिलं की काही रुग्णांची कपाळातली अर्धशिशी शमते, हा त्या रस्त्याचा दवाखान्यातला पुरावा.

झटका वाढतो तसं हे जाळं आणखी हळवं होतं. केस विंचरले तरी दुखतं, अंबाडा सैल करावा लागतो, उशी टोचते, कानातल्या रिंगा काढून ठेवाव्याशा वाटतात. रामी बर्स्टीन यांनी २००० मध्ये ४२ रुग्णांची झटक्यादरम्यान तपासणी केली, तेव्हा ७९ टक्क्यांच्या त्वचेत हा हळवेपणा सापडला. घरची माणसं अशा वेळी बाईला नाटकी म्हणतात. ते ऐकून मला राग येतो. अंबाडा सोडणारी ती बाई अगदी नेमकं लक्षण सांगत असते, आणि ते डॉक्टरांना कळायला हवं.

आता पुस्तिकेच्या मुख्य गोष्टीकडे. मानेची ताकद आणि मानेचा दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हमालाच्या मानेत ताकद असते, आणि तरी तिचा दम कमी असू शकतो. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागं, थेट मणक्यांना चिकटून दोन खोल स्नायू आहेत: लाँगस कोली आणि लाँगस कॅपिटिस. ते फार जोर लावत नाहीत. त्यांचं काम मणके एकमेकांवर नीट धरून ठेवणं, तेही दिवसभर, हलक्या जोरात. ते थकले की हे काम वरवरचे मोठे स्नायू उचलतात: गळ्याच्या बाजूला दोरीसारखा दिसणारा स्टर्नोक्लिडोमास्टॉइड आणि खांद्यावरचा ट्रॅपेझियस. मोठे स्नायू हलवण्यासाठी घडलेले आहेत, धरून ठेवण्यासाठी नाहीत. पाळी संपताना खांदे कानांकडे चढलेले आणि मानेच्या मुळाशी गाठी आलेल्या दिसतात, त्या या अदलाबदलीच्या.

हा दम मोजायला यंत्र लागत नाही. माणसानं पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, हनुवटी गळ्याकडे हलकी आत घ्यायची, आणि ती तशीच ठेवून डोकं जमिनीपासून साधारण अडीच सेंटिमीटर उचलायचं. तपासणाऱ्याचा हात डोक्याखाली. हनुवटी पुढं निघाली किंवा डोकं हाताला टेकलं की घड्याळ थांबवायचं. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानदुखी नसलेल्यांनी सरासरी ३९ सेकंद तग धरला, मानदुखी असलेल्यांनी २४. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ग्वेंडोलेन जल यांनी याहून बारीक चाचणी घडवली. तिच्यात मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात, दाब २० मिलिमीटर पाऱ्यावर आणतात, आणि होकार दिल्यासारखी हलकी मान हलवून तो दोन-दोननं ३० पर्यंत न्यायला सांगतात, प्रत्येक पायरी दहा सेकंद धरून. खोल स्नायू थकलेले असतील तर वरच्या पायऱ्यांवर गळ्याची दोरी ताठ होते आणि खोटा जोर लगेच उघडा पडतो.

अर्धशिशीच्या संदर्भात हा दम चिकाटीनं तपासला ब्राझीलमध्ये, साओ पावलो विद्यापीठाच्या रिबेराव प्रेतो इथल्या फिजिओथेरपीच्या संशोधकांनी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अर्धशिशी असलेल्या बायकांची मान अर्धशिशी नसलेल्यांपेक्षा लवकर थकली. तिथवर चित्र सरळ आहे: अर्धशिशी, दुखणारी मान, कमी दम, तिन्ही हातात हात घालून चालतात. पण हातात हात घालून चालणाऱ्यांपैकी कोण कुणाला ओढतंय, हे अशा एकवेळच्या मोजणीतून कळत नाही. कमी दमाची मान त्या सामायिक पट्ट्यात सतत बारीक कुरबूर पाठवून मेंदूचा उंबरठा खाली आणत असेल. किंवा महिन्यातून अनेकदा अंधाऱ्या खोलीत न हलता पडून राहणारी, हललं की दुखतं म्हणून मान जपणारी बाई आपला दम हळूहळू गमावत असेल. वेदना स्वतःच खोल स्नायूंना गप्प करते, हेही आहे. मला वाटतं, बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही दिशांनी काहीतरी चाललेलं असतं.

मग दम वाढवला तर अर्धशिशी जाईल? याच प्रश्नावर मला या पुस्तिकेच्या वाचकाशी सगळ्यात स्वच्छ बोलायचं आहे, कारण “मानेचे पाच व्यायाम, मायग्रेन कायमचा गायब” असे व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर रोज येतात. त्याच ब्राझीलच्या गटानं पुढं जाऊन अर्धशिशीच्या रुग्णांना मानेच्या स्नायूंचा व्यायाम दिला आणि दुसऱ्या गटाला नुसतं बंद अल्ट्रासाउंड फिरवलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. व्यायाम करणाऱ्यांची डोकेदुखी नकली उपचाराच्या गटापेक्षा जास्त कमी झाली नाही. स्वतःच्या आवडत्या कल्पनेविरुद्धचा निकाल त्यांनी जसाच्या तसा छापला, याबद्दल मला त्या लोकांविषयी आदर आहे.

याचा अर्थ व्यायाम वाया गेला असा नाही, पण कशासाठी तो करायचा हे ठरवावं लागतं. मानेपासूनच उगम पावणारी एक निराळी डोकेदुखी आहे. नॉर्वेच्या ओटार स्यास्टा यांनी १९८३ मध्ये तिला नाव दिलं. ती बहुधा एकाच बाजूला असते, मान ठरावीक दिशेला वळवली किंवा ठरावीक जागा दाबली की उठते, आणि मान त्या बाजूला कमी वळते. जल यांनी २००२ मध्ये अशा २०० रुग्णांवर सहा आठवड्यांचे उपचार तपासले: हातांनी केलेला सांध्यांचा उपचार आणि खोल स्नायूंचे हलके व्यायाम. दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि फायदा वर्षभर टिकला. नुसत्या जुनाट मानदुखीसाठी फिनलंडमध्ये १८० कार्यालयीन महिला कर्मचाऱ्यांवर वर्षभर झालेल्या चाचणीतही, २००३ मध्ये, ताकदीच्या आणि दमाच्या दोन्ही व्यायामांनी वेदना आणि अडचण कमी झाली. म्हणून हिशेब वेगळे ठेवावेत. मान मानेसाठी सुधारायची, आणि ती सुधारते. डोकेदुखी मानेतून येत असेल तर तीही सुधारते. अर्धशिशी असेल तर तिचे उपचार तिचेच करायचे, आणि सुधारलेल्या मानेमुळं झटक्यांमधले दिवस सुसह्य झाले तर तो लाभ मोजून घ्यायचा.

अर्धशिशीला उपयोगी पडणारा व्यायामही आहे, फक्त तो मानेचा नाही. स्वीडनमध्ये २०११ साली ९१ रुग्णांचे तीन गट केले. एक आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं घाम येईपर्यंत व्यायाम करणारा, दुसरा शरीर सैल करण्याचं तंत्र शिकणारा, तिसरा टोपिरामेट हे प्रतिबंधक औषध घेणारा. तिन्ही गटांत झटके साधारण सारखेच कमी झाले. वऱ्हाळा तलावाच्या काठानं सकाळी झपझप चालणाऱ्यांना हे सांगायला सोपं आहे. बारा तास उभं राहून घरी परतलेल्या कारागिराला “चाला” म्हणणं मात्र मला अवघड जातं. त्याच्या पाळीचे तास कमी होणं हाच त्याचा खरा उपचार असतो आणि तो माझ्या हातात नाही. म्हणून पुस्तिकेतले व्यायाम कामाच्या जागी बसतील असे निवडले आहेत. बीम बदलताना माग थांबतो तेव्हा भिंतीला डोकं टेकून हनुवटी हलकी आत घेणं, दहा सेकंद धरणं, सोडणं. मालकांनाही एक विनंती आत केली आहे: बसायला एक उंच स्टूल, आणि दिवा कारागिराच्या डोळ्यांत न जाता कापडावर पडेल अशी त्याची जागा. याला मोठा खर्च नाही.

व्यायाम झटक्याच्या दिवशी करायचे नाहीत आणि दमाची चाचणीही त्या दिवशी घ्यायची नाही. हालचालीनं वाढणं हा अर्धशिशीचा स्वभावच आहे.

मणक्याच्या भीतीबद्दल एक पूर्ण प्रकरण पुढं आहे, तरी थोडं इथंच. “मणक्यात गॅप आलाय”, “मणका झिजलाय” हे शब्द ऐकून माणसं मान हलवणंच सोडतात. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. २०१५ च्या त्या अभ्यासात जवळजवळ ८८ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. त्यांना काहीच होत नव्हतं. फोटोतली झीज म्हणजे दुखण्याचं कारण असा हिशेब करता येत नाही, आणि महिनोन्महिने पट्टा बांधून ठेवला तर ज्या खोल स्नायूंना काम द्यायचं तेच बेकार होतात.

दोन धोक्यांविषयी मात्र मला आवाज चढवूनच बोलायचं आहे.

पहिला धोका गोळीचा. मेडिकलमधून सुटी पानं घ्यायची, खिशात ठेवायची, पाळी सुरू होण्याआधीच एक टाकायची, अशी सवय इथं खूप आहे. कारण एक खाडा झाला तर त्या दिवसाचे पैसे गेले. पण महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, किंवा १० किंवा जास्त दिवस मिश्र वेदनाशामकं अथवा अर्धशिशीवरचं ट्रिप्टान, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर औषधच रोजची डोकेदुखी बनवू शकतं. मग गोळी घेतल्याशिवाय मान सुटत नाही आणि गोळी घेतल्यामुळं डोकं सुटत नाही. अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन यांसारखी झटके कमी करणारी स्वस्त औषधं आहेत. ती डॉक्टरांनी ठरवायची. एवढं मात्र स्वतःहून सांगा: दम्याचा त्रास असलेल्यांना प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. कापसाच्या तुसात वर्षं काढलेल्या माणसानं आपल्याला धाप लागते, छातीत घरघर होते, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावं.

दुसरा धोका मान मोडून घेण्याचा. दाढी झाली की चंपी, चंपी झाली की मान एका झटक्यात डावीकडे, एका झटक्यात उजवीकडे. कट् असा आवाज आला की बरं वाटतं. मानेतून मेंदूकडे चार मोठ्या रक्तवाहिन्या जातात, आणि अशा झटक्यानं त्यांच्यातल्या एखादीचं आतलं अस्तर फाटू शकतं. हे क्वचित होतं, पण झालं तर तरुण माणसालाही पक्षाघात होऊ शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुधा असतं पूर्वी कधी न झालेली मानदुखी आणि डोकेदुखी. चंपी करून घ्या. मान मोडू देऊ नका.

यालाच जोडून, ज्या डोकेदुखीत ही पुस्तिका मिटून थेट भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ती अशी: क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यातली सगळ्यात भयंकर, तापासोबत मान ताठ झालेली, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं यासोबतची, डोक्याला मार लागल्यानंतरची, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं सुरू झालेली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्भवलेली, आणि दिवसेंदिवस वाढतच जाणारी. यात मानेचा दम वगैरे काहीही मोजत बसायचं नाही.

पुस्तिकेच्या शेवटी वर्षाची कोरी दिनदर्शिका दिली आहे. डोकं दुखलं त्या दिवसाच्या चौकोनात ‘डो’ लिहा, मान दुखली तर ‘मा’, गोळी घेतली तर ‘गो’, रात्रपाळी असेल तर ‘रा’, आणि बायकांनी मासिक पाळीच्या दिवसांवर एक टिंब द्यावं. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या. महिन्यातून एकदा, डोकं शांत असेल अशा दिवशी, कुणाकडून तरी मानेचे सेकंद मोजून घ्या आणि महिन्याच्या डोक्यावर टाका. तीन महिन्यांनी ‘मा’ आधी येतो की ‘डो’, ‘गो’ दहाच्या पुढं गेलाय का, ‘रा’च्या आठवड्यात काय होतं, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. ते पान फाडा आणि डॉक्टरांकडे जाताना एक्स-रेच्या आधी ते टेबलावर ठेवा.